आक्काच्या सासऱ्यांचे भुंगेरे

कृष्णेच्या दोन्ही तीरांवर खाण्याच्या बाबतीत आमच्या आक्काच्या सासऱ्यांइतका न्यायी माणूस आजवर झालेला नाही आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. हे मी सोयरिकीच्या भिडेपोटी म्हणत नाही. मी आमच्या भावकीतला पहिला बी.एस्सी. माझ्या आधी आमच्या घरात सही करायची वेळ आली की अंगठ्याला शाई लावायची पद्धत होती. त्यामुळं माझी पदवी मी जिथं जागा मिळेल तिथं सांगतो, आणि कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय बोलत नाही. आक्काच्या सासऱ्यांना मी बरीच वर्षं तपासलेलं आहे. सगळं आष्टा त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायचो. आबा किडे खायचे. वेड म्हणून नाही, नवस म्हणून नाही, आणि गरिबी म्हणून तर नाहीच. घरी पाण्याखालचा ऊस होता, दावणीला जनावरं होती, दुधातुपाला तोटा नव्हता. आबा किडे खायचे ते न्याय म्हणून. जे आपलं खातं ते आपण खायचं, एवढा एकच कायदा त्यांनी केला होता आणि तो ते एकटेच पाळत होते.

कायद्याचा उगम उसात झाला. आमच्याकडच्या रानात हुमणी म्हणून एक कीड पडते. पांढरी, जाड, बोटाच्या पेराएवढी, अर्धगोल वळून बसलेली, तांबड्या तोंडाची. ती जमिनीच्या पोटात राहते आणि उसाची मुळं खाते. वरून ऊस हिरवा दिसतो तोवर दिसतो, मग पिवळा पडतो, आणि एके दिवशी हात लावला की देव्हाऱ्यातल्या उदबत्तीसारखा अलगद उपटून येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या एका साली आबांचा बांधाकडचा सगळा तुकडा असा हातात आला. शेजाऱ्यांनी म्हसोबाला नारळ फोडला. शेतकी खात्याचा एक माणूस सायकलवरून येऊन किडे वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका म्हणून सांगून गेला. आबांना दोन्ही पटलं नाही. नारळ फोडून ऊस परत उभा राहत नाही; आणि रॉकेल तर रेशनवर, घरात दिवा लावायला मिळत नाही ते किड्यांना कुठून पाजायचं? त्यांनी उसाच्या बुडाशी बसून पाटीभर हुमणी वेचली, घरी आणून तव्यावर टाकली, मीठ-चटणी भुरभुरली आणि पहिला घास गिळून जाहीर केलं, "गोड लागती. लागणारच. माझाच ऊस हाय त्यो."

आक्काच्या सासूबाईंनी तो तवा त्याच दिवशी उकिरड्यावर नेऊन टाकला आणि नवऱ्याला सांगितलं की हे असलं काही माझ्या चुलीवर शिजायचं नाही. आबांनी वाद घातला नाही. त्यांनी उकिरड्यावरून तवा उचलून आणला, घरामागं परड्यातल्या कडूलिंबाखाली तीन दगड मांडले आणि तिथं आपलं वेगळं स्वयंपाकघर थाटलं. हुमणी पावसाळ्याची. उन्हाळ्याच्या शेवटाला तीच हुमणी भुंगेरा होऊन जमिनीतून वर येते. वळवाची एखादी सर पडून गेली की दिवेलागणीला तपकिरी रंगाचे हे भुंगेरे भुणभुणत निघतात आणि लिंबावर, बाभळीवर पाला खायला बसतात. त्या दिवसांत आबांना जेवायला हाक मारून उपयोग नसे. झाडाखाली घोंगडं अंथरायचं, लांब आकडीनं फांदी हलवायची, टपाटप पडलेले भुंगेरे पाटीत भरायचे, एकेकाचे पंख आणि पाय काढायचे, आणि मंद जाळावर वाटाण्यासारखे खरपूस भाजायचे. त्यातही त्यांना प्रतवारी होती. बाभळीवरचा भुंगेरा सगळ्यांत उत्तम, लिंबावरचा जरा कडवट पण पित्ताला बरा, आणि शेजारच्या रानातून उडत आलेला आपण खायचा नाही. त्यानं आपलं काही खाल्लेलं नसतं. तो कसा ओळखायचा हे मी एकदा विचारलं. आबा म्हणाले, तोंडावरून कळतं.

खाताना ते जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलवायचे. कुणी येत नसे. मग ते भाकरीचा तुकडा मोडत झाडाशीच बोलत बसायचे. बकऱ्याला पाला लागतो, कोंबडीला दाणे लागतात, म्हशीला तर पेंडही लागते आणि राखायला माणूसही लागतो. हुमणीला काय लागतं? ना चारा, ना पाणी, ना गोठा. न सांगता येते, आपल्या खर्चानं पोसते, आणि आपण तिला रॉकेल पाजून फेकून देतो. हे त्यांचं भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

आष्ट्याच्या बाजारात एक म्हातारे मणेरचाचा बांगड्या घेऊन बसायचे. आबांचा आणि त्यांचा जुना दोस्ताना. एकदा बोलता बोलता चाचा म्हणाले की आमच्यात टोळ खाल्लेला चालतो, मासळीसारखाच, सुरीसुद्धा लावावी लागत नाही. त्यांच्या आजोबांनी टोळधाड आली तेव्हा पोटभर खाल्ले होते. आबांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. पण भुंगेरा चालतो का म्हणून विचारलं तर चाचा म्हणाले, नाही, टोळच. झालं, आबा तिथंच बसले. टोळ चालतो, मग भुंगेऱ्यानं काय घोडं मारलंय? बायका हात पुढं करून ताटकळत बसलेल्या, बांगडी अर्ध्या मनगटावर अडकलेली, आणि ह्या दोघांचा धर्मविचार चाललेला. शेवटी चाचांनी सांगितलं की हे माझ्या हातात नाही, वरून ठरलेलं आहे. आबा उठताना म्हणाले, "मग ठरवताना आमच्या आष्ट्यात कुणाला तरी इचारायचं हुतं." पण माणूस दिलदार. त्यानंतर रानात एखादा टोळ सापडला की ते तो फडक्यात जिवंत बांधून बाजाराच्या दिवशी चाचांना नेऊन द्यायचे. चाचाही तो दोन्ही हातांनी घ्यायचे. पुढं त्याचं काय करायचे, हे दोघांनीही कधी काढलं नाही.

ह्या प्रकरणात माझं नाव कसं आलं तेही सांगतो, कारण आष्ट्यात अजून काही लोक ते चुकीचं सांगतात. मी तेव्हा इस्लामपूरला हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. आक्काच्या सासूबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि सांगितलं की मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं, किडे खाल्ल्यानं महारोग होतो एवढं त्यांना बजावून सांगा. आता खोटं मी कुणाच्याही सासूसाठी सांगणार नाही, त्यातून शास्त्राच्या नावावर तर नाहीच. मी आबांच्या शेजारी बसलो आणि नीट समजावून दिलं. शरीर बांधायला जे अन्न लागतं त्याला प्रोटीन म्हणतात, ते मटणात असतं, अंड्यात असतं, डाळीत असतं, आणि तसं पाहिलं तर किड्याच्या अंगातही भरपूर असतं. भाजून खाल्लं तर त्यात अपाय असा काही नाही, पण, असं मी म्हणालो आणि पुढं समाज, चालीरीती, लोक काय म्हणतील, अशी सगळी मांडणी माझ्या मनात तयार होती. त्या 'पण'पर्यंत आबा थांबलेच नाहीत. धोतर झटकून ते उठले आणि थेट चावडीवर गेले. पुढच्या बाजाराला मी आष्ट्यात उतरलो तर पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो तो माझ्याकडं निरखून बघत होता. आमचं पाव्हणं बी.एस्सी. हाईत, त्यांनी कॉलेजात हे शोधून काढलंय, असं आबा गावभर सांगून आले होते. एका शेंगांच्या व्यापाऱ्यानं तर मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "मास्तर, फी भरून हेच शिकिवत्यात व्हय तिथं?" माझ्या पदवीला असा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता.

शास्त्राचा पाठिंबा मिळाल्यावर आबा सरकारकडं वळले. त्या दिवसांत जिथं तिथं अधिक धान्य पिकवा म्हणून कागद चिकटवलेले असायचे. आबांनी तो माझ्याकडून वाचून घेतला, आणि एक दिवस पितळी डबाभर भाजलेले भुंगेरे घेऊन, पांढरा फेटा बांधून, साताऱ्याला शेतकीच्या कचेरीत गेले. सोबत मला नेलं, कारण बी.एस्सी. दाखवायला हवा. साहेब आत कामात होते. आबांनी व्हरांड्यात डबा उघडला तो वास बघायला. दारावरच्या शिपायाला वाटलं, काहीतरी फुटाण्यासारखं आहे. त्यानं न विचारता मूठ भरली, खाल्ली, पुन्हा भरली, आणि मग विचारलं की हे काय आहे. आबांनी सांगितलं. शिपायानं आधी इकडंतिकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "ह्याला रेशनचं कुपन लागतंय का?" आबांनी नाही म्हणताच त्यानं तिसरी मूठ खिशात टाकली. आत साहेबांपुढं मात्र जमलं नाही. आबा म्हणाले की सायेब, धान्य पिकवायचं बघू मागनं, आधी धान्य खाणारं खाऊ, म्या सुरवात केलीया. आणि त्यांनी डबा टेबलावर ठेवला. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. आबांना त्याचं वाईट वाटलं नाही. परतताना ते म्हणाले, सायेब तरुण आहे, अजून भूक लागलेली नाही त्याला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. घोर लागला तो हिराच्या लग्नाचा. हिरा म्हणजे आबांची शेंडेफळ, माझ्या आक्काची धाकटी नणंद. कामाला वाघीण, बोलायला तिखट, दिसायला नाकीडोळी नीटस. पण दोन ठिकाणी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. पाव्हणे यायचे, बघायचे, पसंत करायचे, आणि जाताना बाजारात चहाला थांबायचे. तिथं कुणीतरी त्यांना सांगायचं, व्हय, किडं खाणाऱ्याची पोरगी. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आबा लिंबाखाली बसून होते, पण चूल पेटलेली नव्हती.

तिसरं स्थळ पाटणकडचं आलं. वर कोयनेच्या अंगाला त्यांचं गाव. घर चांगलं, मुलगा शेती बघणारा, सरळ. घरात शब्द चालायचा तो मुलाच्या थोरल्या चुलत्यांचा, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मोठ्या मिशांचे आणि थोड्या बोलण्याचे गृहस्थ. ते वैशाखात मुलगी बघायला येणार म्हणून निरोप आला. आता वैशाख हा जसा लग्नांचा महिना तसाच भुंगेऱ्यांचाही. सासूबाईंनी आबांना हिराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली: अक्षता पडेपर्यंत भुंगेरा खायचा नाही, भुंगेऱ्याचं नाव काढायचं नाही, आणि पाव्हण्यांपुढं तोंडच उघडायचं नाही. आबांनी मान हलवली. मलाही बोलावलं होतं, शिकलेला माणूस बैठकीत असावा म्हणून.

पाव्हणे आले, हिराला बघितलं, पसंतीचं दिसलं. जेवायला परड्यातच पंगत धरली होती. आदल्याच दिवशी वळीव पडून गेला होता आणि दिवस कलत आला होता. मटणाची ताटं वाढली, कंदील टांगला, आणि लिंबातून भुणभुण सुरू झाली. पहिला भुंगेरा थोरल्या चुलत्यांच्या फेट्यावर पडला. दुसरा रश्शात. मग टप टप सगळीकडं. पाव्हणे वाटीतून काढून टाकतायत, आक्का पदरानं वारा घालतेय, आणि आबा दोन्ही हात मांडीखाली दाबून, ओठ मिटून, समोरच्या भिंतीकडं बघत बसलेले. त्यांच्या दंडावरून एक जाडजूड भुंगेरा चालत चालत खांद्यापर्यंत गेला. बाभळीवरचा असावा. आबांनी डोळे मिटून घेतले.

थोरल्या चुलत्यांनी हात धुतला आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणं, आमी वाटंत ऐकलं. तुमच्यात कुणी ह्ये किडं खातं म्हणं. खरं का?"

आबांना तोंड उघडायची बंदी. सासूबाई दाराआडून म्हणाल्या की गावची तोंडं, कुणाचं काय धरताय, आमच्यात बी.एस्सी. झालेले मास्तर बसलेत, त्यांनाच विचारा. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एका बाजूला पोरीचं लग्न, दुसऱ्या बाजूला मी कधी खोटं बोललो नाही तो माझा ताठा. मी घसा साफ केला, आणि अजून काय बोलावं ते ठरायचं होतं तेवढ्यात हिरा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्या काळात बघायला आलेल्या पाव्हण्यांपुढं मुलीनं आपणहून बोलायचं नसे. ती तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आबा खात्यात. चोरून न्हाई खात, इथंच झाडाखाली बसून खात्यात. परकरात हुते तवा त्यांच्या ताटात म्याबी खाल्ल्यात. लबाड बोलून मला न्यायचं आसंल तर नगा नेऊ."

थोरले चुलते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले की पोरगी खरं बोलती, पोरगी आम्हाला चालंल. पण दोन गोष्टी. किडा आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. आणि आबा, तुम्ही हे सोडायचं, अक्षतांपुरतं नाही, कायमचं. उद्या आमच्या सुनंला कुणी पंगतीत बोललेलं आम्ही ऐकून घेणार नाही.

आबांनी खांद्यावरचा तो भुंगेरा दोन बोटांत धरला, क्षणभर बघितला आणि वर उडवून दिला.

"सोडलं," ते म्हणाले.

आणि खरंच सोडलं. लग्न झालं, हिरा पाटणला गेली. पुढचं वर्षभर आबा बघवेनात. पावसाळ्यात ते हुमणी वेचायचे, पण ती कोंबड्यांपुढं टाकायचे. कोंबड्या गलेलठ्ठ झाल्या. कसं काय चाललंय विचारलं तर म्हणायचे, "हुमणी कोंबडी खाती, कोंबडी मी खातो. मधी दलाल घुसला, दुसरं काय." पण त्यांचं जेवण तुटलं होतं. आता ते आत, चुलीपुढं, चारचौघांसारखे जेवायला बसायचे आणि अर्धी भाकरी ठेवून उठायचे. सासूबाईंनी आधी ते विजयासारखं मिरवलं. मग त्या काळजीत पडल्या. दिवाळीत मी गेलो तेव्हा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या की मास्तर, तुम्ही त्यांना सांगा, एखाददुसरा खाल्ला तर पाटणला कोण बघायला येतंय. मी सांगितलं. आबा म्हणाले, शब्द दिलाय. शिवाय त्यांना हिरा भेटायची नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि विनाकारण जावं तर किडेखाऊ व्याही आला म्हणून तिलाच कुणी टोचायचं, ह्या भीतीनं ते पाटणच्या वाटेला फिरकत नव्हते.

पुढच्या ज्येष्ठात, शाळेला सुट्टी म्हणून मी आष्ट्यातच होतो, तेव्हा थोरले चुलते अचानक दारात उभे राहिले. बैल बघायला आलोय म्हणाले. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, बैलांचं नाव काढीनात. शेवटी फेटा काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "सुनंला दिस गेल्यात."

सासूबाईंनी तिथल्या तिथं देवापुढं साखर ठेवली.

"डोहाळं लागल्यात तिला."

काय मागती, सासूबाईंनी विचारलं. चुलते म्हणाले, चिंचा दिल्या, करवंदं दिली, नदीचे खेकडे दिले, चुलीची भाजकी मातीसुद्धा दिली. सगळ्याला नको म्हणते. डोहाळे राहिले तर पोराचे कान फुटतात, आमच्यातल्या म्हाताऱ्या बाया ओरडायला लागल्यात.

"मग काय पायजे तिला?"

थोरले चुलते परड्याकडं बघत म्हणाले, "त्येच."

"त्येच म्हंजे?"

"तुमचं त्ये," ते आबांकडं न बघता म्हणाले. "झाडावरचं."

आबा उठले, आकडी घेतली आणि बाहेर पडले. त्या संध्याकाळी आबांनी घोंगडं आपल्या बाभळीखाली अंथरलं. सासूबाई पाटी धरून उभ्या होत्या आणि लांब पडलेलाही वेचून देत होत्या. भाजायची वेळ आली तेव्हा बाहेर वारा सुटला होता. सासूबाई म्हणाल्या की आत आणा, माझ्या चुलीवर भाजा, माझ्या नातवाचं खाणं आहे. आबांनी डबा भरला, पण भाजताना चव बघायलासुद्धा एक तोंडात टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. लढाईत पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. म्हणजे चढ आला की आपण उतरायचं आणि मोटारीला चालवायचं. गाडीत आबांच्या मांडीवर डबा. खरपूस वास सगळीकडं पसरलेला. कराडच्या पुढं एका म्हाताऱ्यानं विचारलं की काय नेताय एवढं छान. आबांच्या आधी थोरले चुलते घाईनं म्हणाले, "औषध हाय."

पाटणहून पुढं बैलगाडीनं गेलो. त्यांच्या घरासमोर फणसाचं झाड होतं. किडा उंबऱ्याच्या आत जायचा नाही हे आबांच्या लक्षात होतं, म्हणून ते त्या झाडाखाली गाडीतच बसून राहिले. घरच्यांनी पाणी आणलं, त्यांनी हात जोडले. मग हिरा बाहेर आली. अंगानं भरली होती, चेहरा जरा उतरलेला. ती गाडीच्या जुवाला टेकून उभी राहिली, डबा उघडला, एक भुंगेरा तोंडात टाकला, सावकाश चावला. आणखी एक घेतला. मग डबा बापापुढं धरून म्हणाली, "तुमीबी घ्या, आबा."

आबांनी थोरल्या चुलत्यांकडं बघितलं. शब्द दिलेला माणूस समोर उभा. लेकीच्या दारात बापानं खायचं नाही ती रीत वेगळीच. थोरल्या चुलत्यांनी एकदा आकाशाकडं, एकदा फणसाकडं बघितलं.

"जरा बैलं बघून येतो," ते म्हणाले. बैल त्यांच्या पुढ्यातच उभे होते. ते घराच्या मागच्या बाजूला निघून गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आबांनी एक उचलला. पुढं मी बघितलं नाही. मीही बैल बघायला गेलो.

परतीच्या मोटारीत मी आबांना समजावून सांगत होतो की डोहाळे म्हणजे शरीराला जे कमी पडतं तेच मन मागतं, पोटातल्या मुलाला प्रोटीन हवं असणार, ह्याला शास्त्राचा आधार आहे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "किती खाल्लं वो तिनं?"

"दोन," मी म्हणालो.

"दोनच. डोहाळ्याची बाई आसती तर डबा पुसून खाल्ला आसता." थोड्या वेळानं म्हणाले, "कुणापाशी बोलू नगा. त्यास्नी डोहाळंच वाटू दे."

मी नाही बोलणार म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं की डबा आमच्याबरोबर नाही. हिरानं ठेवून घेतला होता, रिकामा डबा परत करत नाहीत, काहीतरी घालून देईन म्हणाली होती. मी म्हणालो की माझं पाटणला येणं होईल तेव्हा मी घेऊन येईन.

"तुमी नगा," आबा म्हणाले. "त्यो डबा मलाच आनावा लागंल."

तो डबा आणायला आबा पुढं पाटणला जातच राहिले. नातू झाला, रीत सुटली, आबा तिथं जेवायलाही लागले. फणसाचे गरे, नाचणीचं पीठ, सुकलेली आंबोशी असं काय काय फडक्यात बांधून आणायचे, आणि घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं की कपाळावर हात मारायचे, डबा तेवढा विसरला. भुंगेरा त्यांनी पुन्हा आष्ट्यात खाल्लेला मी पाहिला नाही. पाटणला काय चालायचं ते मला माहीत नाही, आणि थोरल्या चुलत्यांना तर मुळीच माहीत नाही. आबा आले की त्यांना दर वेळी बैल बघायचे असायचे.

आबा गेले त्याला आता वर्ष होईल. परवा कामानं पाटणला गेलो होतो तर हिराकडं डोकावलो. निघताना ती आतून तो पितळी डबा घेऊन आली. चिंचेनं घासून लख्ख केलेला, आत तांदळाच्या पापड्या भरलेल्या. उंबऱ्यात उभं राहून तिनं विचारलं, "दादा, आता न्हेताय का ह्यो?"

मी हात पुढं केला होता. मग म्हणालो, राहू दे, आज ओझं फार आहे, पुढच्या खेपेला नेईन.